निरभ्र रात्रीनंतर तुटणारा आवाज

स्नेहल काळमेघ फोनवर पूर्ण वाक्य बोलायची आणि पलीकडे ते तुकड्यातुकड्यांनी पोचायचं. नवल म्हणजे पलीकडचं बोलणं तिला मात्र अगदी स्वच्छ ऐकू यायचं. एकच फोन, एकच वेळ, आणि एका दिशेचा आवाज चांगला, दुसऱ्या दिशेचा खराब. असं का व्हावं, हे परतवाड्याच्या टोकाला असलेल्या त्या घरात तीन आठवडे कुणालाच उमगलं नव्हतं.

ही २०४४ सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. स्नेहल परिचारिका होती. मेळघाटातल्या वस्त्यांवर फिरणाऱ्या आरोग्यसेविकांना काही अडलं, की त्यांचा फोन नागपूरच्या केंद्रामार्फत तिच्याकडे यायचा. औषध किती द्यायचं, बाळाचा श्वास कसा मोजायचा, रुग्णाला लगेच हलवायचं का, हे ती घरातल्या खोलीत बसून सांगायची. तिचा फोन इंटरनेटवरून चालायचा, म्हणून नागपूरला न जाता तिला हे काम घरून करता येत होतं. रोज दुपारी दोन ते सहा तिच्या खोलीचं दार लोटलेलं असे आणि बाहेर सगळे हळू बोलत.

तिची मुलगी ऋजुता बारा वर्षांची. बाबा समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला होते, तीन महिन्यांतून एकदा घरी येत. त्यामुळे एरवी घरात आई, आजोबा आणि ऋजुता अशी तिघंच. आजोबा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. पडवीत त्यांचं कामाचं टेबल होतं, त्यावर उघडी यंत्रं, तारा आणि भिंगं, आणि टेबलाशेजारी एक तिपाई. संध्याकाळी त्या तिपाईवर बसून आजोबांना स्क्रू मोजून द्यायचे, हे ऋजुताचं काम. निदान दिवाळीपर्यंत तरी होतं.

दिवाळीनंतर तिची आतेबहीण मैत्रेयी राहायला आली. तिचे आईवडील दोघंही अंटार्क्टिकावरच्या संशोधन तळावर वर्षभरासाठी गेले होते. मैत्रेयी ऋजुतापेक्षा एका वर्षाने लहान, बोलायला कमी, आणि सोबत तिने स्वतः जुळवलेला यंत्रमानव. तो कोंबडीएवढा होता. दोन काटकुळ्या पायांवर टुकटुक चालायचा आणि वाटेत काही आलं की टी-टी-टी असा ओरडायचा, म्हणून तिने त्याचं नाव टिटवी ठेवलं होतं. पहिल्याच संध्याकाळी मैत्रेयी पडवीत गेली आणि त्या तिपाईवर बसली. ती कुणाची आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनेही विचारलं नाही. आजोबांच्या हातातून पडलेला स्क्रू टिटवीने उचलून दिला, तेव्हा आजोबा खूप वेळ हसत राहिले.

दोन दिवसांनी शेजारचे काका आले असताना आजोबा त्यांना म्हणाले, "या पोरीच्या हाताला यंत्र कळतं." ऋजुता दारामागे पाण्याचे पेले भरत होती. बारा वर्षांत आजोबांनी तिच्याबद्दल असं काही म्हटलेलं तिला आठवेना. ते वाक्य तिच्या मनात रुतून बसलं. शाळेत गणितं सोडवताना, जेवताना, दात घासताना ते वर येई. सकाळी आई मैत्रेयीची वेणी घालायची तेव्हा ऋजुता दाराशी उभी राहून पाहत असे. आईचा हात तिच्या केसांवरून जरा जास्तच वेळ फिरतो, असं तिला वाटे.

म्हणून तिने गुपचूप एक बेत केला. राज्यातल्या शाळांसाठी उल्का-नोंद नावाचा उपक्रम चालू होता. शाळेकडून एक कॅमेरा मिळायचा, तो गच्चीवर ठेवायचा. रात्रभर तो आपला आपण आभाळाचे फोटो घ्यायचा आणि कुठे उल्का (आकाशातून जळत पडणारा दगडाचा कण) दिसली तर तो भाग टिपून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी ती सगळी नोंद वेधशाळेला पाठवायची. उत्तम नोंद करणाऱ्या मुलांची नावं जाहीर होणार होती आणि त्यांना वेधशाळेच्या शिबिराला बोलावणार होते. ऋजुताने कॅमेरा गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे ठेवला आणि घरात कुणाला सांगितलं नाही. नाव जाहीर झालं की आजोबांना कळेलच. मग शेजारचे काका येतील तेव्हा आजोबा काय म्हणतील, तेही तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. शाळेतून आल्यावर चारच्या सुमाराला ती आपल्या टॅबवरून रात्रीची नोंद पाठवायला लावायची. ती जायला अर्धापाऊण तास लागे.

आईचा आवाज तुटायला लागला तो त्याच आठवड्यात.

आजोबांनी तपास सुरू केला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असा त्यांचा नियम होता, कारण दोन बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी आईचा कानाला लावायचा संच बदलला. फरक नाही. दुसऱ्या दिवशी राउटर (घरातल्या सगळ्या यंत्रांचा निरोप बाहेर नेणारी आणि बाहेरचा आत आणणारी पेटी) कपाटावरून काढून आईच्या खोलीजवळ आणला. फरक नाही. तिसऱ्या दिवशी आईचा फोन बिनतारी न ठेवता तारेने जोडला. तरीही नाही. सकाळी त्यांनी इंटरनेटचा वेग मोजला तर तो उत्तम. आवाज तुटत असतानाच शेजारच्या खोलीत मैत्रेयीने चित्रपट लावून पाहिला, तो एकदाही अडखळला नाही. राउटर बंद करून पुन्हा चालू केला की पाच-दहा मिनिटं आवाज सुधारे आणि परत बिघडे. त्या पाच-दहा मिनिटांत ऋजुताची नोंद अर्ध्यात थांबलेली असे आणि ती आपल्या खोलीत जाऊन पुन्हा पाठवायला लावत असे, हे कुणालाच माहीत नव्हतं. तिच्या मनात शंका आली नाही असं नाही. पण चित्रपट नीट चालतो, मग इंटरनेटला काय झालंय, असं म्हणून तिने ती बाजूला सारली.

चौथ्या दिवशी जेवताना ती म्हणाली, की टिटवी दिवसभर इंटरनेटला जोडलेली असते आणि ती आल्यापासूनच हे सुरू झालंय. मैत्रेयीने घास हातात धरून आजोबांकडे पाहिलं. टिटवी फार थोडी माहिती पाठवते, असं ती हळूच म्हणाली. आजोबांनी विचार केला आणि दोन दिवस टिटवी बंद ठेवून पाहू म्हणाले.

त्या दोन्ही दिवशी आईचा आवाज स्वच्छ गेला.

मैत्रेयीने टिटवीवर टॉवेल पांघरला आणि ती तिपाईवर न बसता आत पुस्तक घेऊन टिटवीजवळ बसली. ऋजुता पडवीत गेली. तिपाई रिकामी होती. ती बसली, आजोबांना स्क्रू मोजून दिले, आणि फार दिवसांनी तिला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी टिटवी बंदच होती आणि सव्वाचारला आईचा आवाज पुन्हा तुटला.

मग आजोबांनी वही सुरू केली. रोज आवाज कधी तुटला, किती वेळ तुटला, तेव्हा घरात कोणतं यंत्र चालू होतं, ते प्रत्येकाने लिहायचं. वही मैत्रेयीकडे दिली, हेही ऋजुताला लागलं. मैत्रेयीने आधीचे दिवसही आठवून लिहिले, आणि रोज हवा कशी होती, वीज गेली होती का, पाहुणे कोण आले होते, सगळं ती टिपायची. ऋजुता आपल्या रकान्यात 'अभ्यास' असं लिहायची.

तीन आठवडे होत आले, तेव्हा एका सोमवारी आईला सेमाडोहच्या पलीकडल्या एका वस्तीवरून फोन आला. आठ महिन्यांच्या बाळाला ताप होता. आईने औषध पाव चमचा द्यायला सांगितलं. पलीकडे 'पा' आणि 'चमचा' एवढंच पोचलं आणि त्या सेविकेने मधली जागा आपल्या अंदाजाने भरली. ऐकलेलं पुन्हा म्हणून दाखवायचं, असा केंद्राचा नियम होता. ती म्हणाली, "पाऊण चमचा देते." आईला तिचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं, म्हणून निभावलं. आईने तीनदा सांगितलं, शेवटी 'एका चमच्याचे चार भाग करा, त्यातला एक' असं समजावलं. बाळाला बरोबर औषध मिळालं. पण आई खोलीतून बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता आणि ओट्याला धरून ती पाणी प्यायली. काय घडलं, ते तिने स्वतःच केंद्राला कळवलं.

दुसऱ्या दिवशी केंद्राचं उत्तर आलं. आठ दिवसांत आवाज सुधारला नाही तर स्नेहलताईंनी नागपूरला येऊन केंद्रातून काम करावं, राहायची सोय होईल. म्हणजे आई फक्त रविवारी घरी दिसणार. ऋजुताला आधी वाटलं, की हे सगळं मैत्रेयीमुळे. ती आली आणि सगळं बिघडलं.

त्या संध्याकाळी मैत्रेयीने वही टेबलावर उघडली. तिला एक विचित्र गोष्ट सापडली होती. तीन आठवड्यांत आवाज फक्त चार दिवस नीट गेला होता, आणि त्या चारही दिवसांच्या आदल्या रात्री आभाळ ढगाळ होतं. टिटवी बंद ठेवली ते दोन दिवसही त्यातलेच. आकाश निरभ्र असलं की दुसऱ्या दिवशी चारनंतर आवाज तुटतो. हे उलटंच आहे, असं ती म्हणाली. ढगांनी बिघडावं की सुधारावं? आजोबाही भुवया चढवून वहीकडे पाहत राहिले. रात्रीच्या ढगांचा आणि दुसऱ्या दुपारच्या फोनचा काय संबंध, हे त्यांना लागेना.

ऋजुताला लागला. ढगाळ रात्री कॅमेऱ्याला आभाळ दिसत नसे. नोंद होत नसे. आणि दुसऱ्या दिवशी पाठवायला काही नसे. ती उठली आणि खोलीत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी शाळेत तिचं लक्ष नव्हतं. सांगितलं तर मैत्रेयीची वही बरोबर ठरणार, टिटवी निर्दोष ठरणार, आणि आजोबांना आपल्याबद्दल कळणार ते हे. न सांगता नुसतं पाठवणं थांबवलं तरी आवाज सुधारेल, असंही तिच्या मनात आलं. पण मग वही भरतच राहणार, मैत्रेयी ढगांचं उत्तर शोधतच राहणार. शिवाय खरंच नोंदीमुळेच होतं का, हे करून पाहिल्याशिवाय कसं कळणार? आईच्या खऱ्या फोनवर तर करून बघता येणार नव्हतं. आणि करून पाहायला दोन माणसं लागणार होती, एक बोलणारं आणि एक ऐकणारं.

शाळेतून आल्यावर ती मैत्रेयीला गच्चीवर घेऊन गेली आणि टाकीमागचा कॅमेरा दाखवून रात्रीची नोंद रोज चारला पाठवते, ते सांगितलं. मैत्रेयीला एका क्षणात सगळं कळलं.

"टिटवीला बंद केलं तेव्हा तुला माहीत होतं?" तिने विचारलं.

"नाही," ऋजुता म्हणाली. मग सगळंच खरं सांगायचं म्हणून पुढे म्हणाली, "पण तीच असावी, असं मला वाटत होतं. म्हणजे, तीच निघावी असं."

मैत्रेयीने मान खाली घातली. "मामी माझी वेणी घालते तेव्हा तू दारात उभी असतेस. मला आरशात दिसतं," ती म्हणाली. "मला स्वतःची घालता येते. पण आईची आठवण येते, म्हणून मी नको म्हणत नाही."

मग तिनेच विचारलं, की आजची नोंद पाठवलीस का. नव्हती पाठवली. सहा वाजता आईचं काम संपलं, तशा दोघी खाली आल्या. आईच्या फोनवरून मैत्रेयी एक ते शंभर आकडे म्हणू लागली आणि ऋजुता अंगणात दुसरा फोन कानाला लावून उभी राहिली. हा फोन घरच्या इंटरनेटवर नव्हता. तीसपर्यंत आकडे मोत्यांसारखे आले. मग ऋजुताने टॅबवर नोंद पाठवायला लावली. काही सेकंदांत 'अडतीस'चा 'तीस' झाला, 'एक्केचाळीस' आलाच नाही. पाठवणं थांबवलं. आकडे पुन्हा नीट आले. पुन्हा लावलं, पुन्हा तुटले. तिसऱ्या खेपेला आजोबा पडवीतून उठून अंगणात येऊन उभे होते.

ऋजुताने त्यांना सगळं सांगितलं. काका आले होते तेव्हाचं वाक्यसुद्धा सांगितलं, कारण ते वगळलं तर गोष्ट पूर्ण होत नव्हती. आजोबा ऐकून घेत होते. ते रागावले नाहीत. पण "दोन दिवस ती पोरगी टॉवेल पांघरलेल्या यंत्राकडे बघत बसली होती," एवढं म्हणाले, आणि ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं. मग त्यांनी आईला आणि दोघींना टेबलाशी बसवलं, एक वाटी शेंगदाणे आणि शर्टाची लाल बटणं आणली.

त्यांनी दोन जाड पुस्तकं शेजारीशेजारी ठेवून मध्ये एक अरुंद गल्ली केली. एका वेळी एकच दाणा जाईल एवढी. "आपलं घर गावाच्या टोकाला, म्हणून इंटरनेट मनोऱ्यावरून हवेतून येतं," ते म्हणाले. "आत येणारा रस्ता रुंद आहे. बाहेर जाणारा असा, गल्लीएवढा. बहुतेक लोक घरी पाहतात जास्त, पाठवतात कमी, म्हणून तो अरुंद ठेवतात."

मग त्यांनी समजावलं, की इंटरनेटवर काहीच सलग जात नाही. सगळ्याचे छोटे तुकडे होतात. त्या तुकड्याला पुडकं म्हणू. आईच्या एका सेकंदाच्या बोलण्याची साधारण पन्नास पुडकी होतात, अगदी छोटी. त्यांनी ऋजुताला बटणं दिली आणि ते टेबलावर टिचकी मारतील तेव्हा एक बटण गल्लीत ढकलायला सांगितलं. टिचकी, बटण. टिचकी, बटण. पलीकडे बटणं सारख्या अंतराने बाहेर पडत होती. मग त्यांनी मैत्रेयीला शेंगदाण्यांची वाटी गल्लीच्या तोंडाशी रिकामी करायला सांगितली. ही तुझी उल्का-नोंद, ते ऋजुताला म्हणाले. आता बटण शेंगदाण्यांच्या मागे अडकलं. एक उशिरा निघालं, मग दोन चिकटून निघाली, मग कितीतरी वेळ एकही नाही.

"पण पोचली तर सगळीच," ऋजुता म्हणाली. "हरवलं एकही नाही."

"फोन थांबत नाही ना," आजोबा म्हणाले. उशिरा आलेलं पुडकं फोन टाकून देतो, कारण तोवर पुढचा शब्द सुरू झालेला असतो. म्हणून मधला आवाज गायब होतो. उल्कांच्या फोटोला उशीर झाला तर काही बिघडत नाही, तो दहा मिनिटांनी पोचला तरी तोच फोटो असतो.

मैत्रेयीने विचारलं, मग चित्रपट कसा अडखळला नाही. आजोबांनी तिलाच विचार करायला सांगितलं, पण उत्तर ऋजुताने दिलं. चित्रपट आत येतो, आणि आत येणारा रस्ता मोकळा होता. आजोबांनी मान डोलावली आणि आणखी एक कारण सांगितलं. चित्रपट आधीच तयार असतो, म्हणून यंत्र पुढची दोन मिनिटं आणून साठवून ठेवतं आणि मध्ये खंड पडला तरी आपल्याला कळत नाही. बोलण्याचं तसं करता येत नाही. जे अजून बोललंच गेलेलं नाही, ते आधी आणून ठेवणार कुठून? आणि सकाळी वेग मोजला तेव्हा गल्ली रिकामी होती. त्यांनी रस्त्याचा वेग मोजला, रांगेत थांबावं किती लागतं ते मोजलंच नाही. ही आपली चूक, असं आजोबांनी कबूल केलं.

"मग मी नोंद पाठवणं बंद करते," ऋजुता म्हणाली.

"कशाला?" आजोबा म्हणाले. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी आपलं बोट आडवं धरलं. बटण आलं की बोट शेंगदाण्यांना अडवी आणि बटण आधी जाई. मग शेंगदाणे. बटण इतकं छोटं होतं, की शेंगदाण्यांना फारसा उशीर झालाच नाही. राउटरला हा नियम शिकवता येतो, त्याला प्राधान्य (कोणी आधी जायचं ते ठरवणं) म्हणतात. पण एक मेख होती. रांग जर पुढे, मनोऱ्याकडच्या यंत्रात लागली, तर तिथे आपला नियम कोण पाळणार? म्हणून राउटरने रस्त्याच्या ताकदीच्या दहातले नऊ भागच पाठवायचे. म्हणजे रांग लागली तर ती आपल्याच घरात लागते, आणि तिथे आपलं बोट असतं.

राउटरची मांडणी आजोबांनी ऋजुताला करायला लावली. एका ठिकाणी ती अडली, तेव्हा मैत्रेयीने पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. ऋजुताला आत कुठेतरी टोचलं, अगदी पूर्वीसारखंच. तरी मैत्रेयीने दाखवलेला आकडा तिने भरला.

दुसऱ्या दिवशी सव्वाचारला नोंद जात असताना आई एका सेविकेशी बोलत होती. दाराबाहेर दोघी भिंतीला टेकून बसल्या होत्या. आईला एकही शब्द पुन्हा सांगावा लागला नाही. टिटवी त्यांच्या पायांना अडखळून टी-टी-टी करायला लागली, तेव्हा ऋजुतानेच तिला उचलून मांडीवर घेतलं.

आईने काय दोष होता आणि कसा काढला, ते केंद्राला सविस्तर लिहिलं. नागपूरला जाणं टळलं. पण गोष्ट तिथे संपली नाही. केंद्रासाठी घरून काम करणाऱ्या चाळीस परिचारिका होत्या, आणि त्यातल्या अकराजणींच्या आवाजाची तक्रार होती. केंद्राने विचारलं, की या मुली त्यांच्याशी बोलतील का.

पहिला फोन धारणीच्या एका ताईंचा आला. त्यांचं दुखणं नेमकं उलटं होतं. त्यांचं बोलणं पलीकडे स्वच्छ जायचं, त्यांनाच समोरचं तुटक ऐकू यायचं, तेही संध्याकाळीच. मैत्रेयीने वही उघडली आणि ऋजुताकडे पाहिलं. ऋजुताने डोळे मिटून ती दोन पुस्तकं आठवली. बाहेर जाणारी गल्ली मोकळी आहे. म्हणजे गर्दी आत येणाऱ्या रस्त्यावर.

"ताई, त्या वेळी घरात कुणी इंटरनेटवरून काही मोठं उतरवून घेतं का, ते बघायला हवं," ती म्हणाली.

ताई म्हणाल्या, त्यांनी सगळ्यांना विचारलं होतं. कुणीच काही करत नाही म्हणतात.

ऋजुताला वहीतला आपला 'अभ्यास' लिहिलेला रकाना आठवला. "पुन्हा एकदा विचारा," ती म्हणाली. "आणि कुणी सांगितलंच, तर त्याच्यावर रागावू नका. त्याला आधी बसवून, तो काय उतरवून घेतोय ते बघा."

मैत्रेयीने वहीत तारीख घातली आणि पेन ऋजुताच्या हातात दिलं.